सांधा बघायला आलेले नाना

कामाच्या शेवटच्या वर्षांत नाना आपण सांधलेल्या तारांना स्वतः झटका देत नसत. ते काम दुसऱ्याला सांगत आणि आपण तोंड फिरवून उभे राहत. लूमच्या कारखान्यात ही गोष्ट विचित्र समजली जाई. ज्याने सांधले त्यानेच झटका देऊन पाहायचे, असा तेथील रिवाज आहे. शेठने एकदा कारण विचारले. "माझ्या हातावर माझा भरोसा नाही," एवढेच उत्तर त्याला मिळाले. शेठला ते गमतीचे वाटले असावे. सुरतेत लिंबायतपासून गोडादऱ्यापर्यंत या हातांइतका भरोसा दुसऱ्या कोणत्याही हातांवर ठेवला जात नव्हता. खरे कारण दोघांनाच ठाऊक होते. त्यांपैकी नाना गेले. दुसरा मी.

या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांच्या तारा गुंडाळलेला दांडा, संपत आला की नवा चढवितात. जुन्या बीमच्या तारांची टोके नव्या बीमच्या टोकांना एकेक करून जोडावी लागतात. चार-पाच हजार तारा असतात. बोटाला राख लावायची, दोन टोके एकत्र धरायची, पीळ द्यायचा, पुढची घ्यायची. मूठभर झाल्या की चार बोटांत धरून हलका झटका द्यायचा. कच्चा सांधा तेथेच सुटतो. मग सगळे सांधे फणीतून, म्हणजे तारांना वेगळे ठेवणाऱ्या त्या पोलादी कंगव्यातून, सावकाश पार करायचे. शेवटचा सांधा कापडात दिसला की काम संपले. नानांनी हे चाळीस वर्षे केले. झटका देणे त्यांच्या हाताला इतके भिनले होते की दुकानात शर्टाचे कापड पाहतानाही ते आधी त्याला झटका देत आणि नंतर रंग पाहत.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. शेवटचा सांधा फणीतून पार होईपर्यंत तंबाखूची डबी उघडायची नाही. इतर कारागीर सांधता सांधता मळत. नाना दिवसभर कोरड्या तोंडाने बसत. "तोंडात रस असला की कान मंद होतात," असे ते म्हणत. लूमच्या गोंगाटात एक तार तुटल्याचा आवाज ऐकू येतो, यावर माझा विश्वास नव्हता. त्यांचा होता.

मी लिंबायतमधील पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. नाना आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. मूळचे धुळ्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मुलगा पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात होता आणि त्याने गोडादऱ्याला घर बांधले होते. नाना तेथे राहायला गेले नाहीत. "नव्या घरात बघायला काय असतं?" असे ते विचारीत. आमच्या चाळीच्या भिंतींना भेगा होत्या आणि त्या भेगांची नाना वर्षानुवर्षे पाहणी करीत.

माझ्या घरात तंबाखू चालत नसे. विद्यार्थ्यांना ज्या गोष्टीसाठी मी बाकावर उभे करीत असे, ती माझ्या ओट्यावर होऊ देणे मला मान्य नव्हते. नाना माझ्याकडे येताना चपलांबरोबर डबीही पायरीखाली ठेवीत आणि मग वर येत. त्याविषयी आमच्यात कधी बोलणे झाले नाही.

माझ्याशी ते शाळेतल्यासारखे जपून बोलत. कुतूहल वाढले की मात्र अहिराणीवर येत. त्यावरून मला त्यांची स्थिती ओळखता येई.

त्यांचे कुतूहल एकाच गोष्टीविषयी होते. दोन वस्तू एकमेकींना कशा धरून राहतात? चहाचा कप हातात आला की ते आधी त्याचा कान तपासत. एकदा रेल्वेच्या रुळांचे बोल्ट ठोकत जाणाऱ्या चावीवाल्यामागे ते उधन्यापर्यंत चालत गेले आणि रुळांच्या सांध्यात फट मुद्दाम का ठेवतात, हे समजून घेऊन संध्याकाळी परतले. ती माहिती त्यांनी मला असा चेहरा करून सांगितली, जणू घरातली गुप्त गोष्ट सांगत आहेत. "उन्हाळ्यात लोखंड वाढतं, गुरुजी. त्याला जागा ठेवावी लागते. नाहीतर रूळ रागावतो." एका लग्नात त्यांनी बँडवाल्याला थांबवून त्याच्या पितळी वाद्याच्या वळणावर बोट ठेवले. "हाई कशी सांधी रे भो?" नवरदेव घोड्यावर ताटकळला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "नाना, आधी या दोघांना सांधू द्या, मग पितळ बघा." नाना हटले नाहीत. बँडवाल्यालाही उत्तर ठाऊक नव्हते आणि त्याबद्दल नानांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. "रोज तोंडाला लावतोस आणि तुला ठाऊक नाही?"

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एके दुपारी मी जोडाक्षरे शिकवीत असता ते वर्गाच्या दारात उभे होते. सुटीनंतर त्यांनी फळ्यावरील एका अक्षरावर बोट ठेवून विचारले, "यातलं तुटलं कोण?" पहिल्या अक्षराची दांडी जाते, असे मी सांगितले. "म्हणजे सांधायचं तर कापावं लागतंच," असे म्हणून ते निघून गेले. साक्षर करण्याचा माझा प्रस्ताव त्यांनी ऐकूनही घेतला नाही. त्यांना हवे तेवढे मिळाले होते.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी भीतीने निम्मे लिंबायत खानदेशच्या गाड्यांत बसले. नाना राहिले. पावडर फवारणारे लोक पंपाची नळी टाकीला कशी बसवितात, हे त्यांना पाहायचे होते.

त्याच्या पुढच्या वर्षी मला अपघात झाला. बीम भरलेला टेम्पो गल्लीत मागे येत होता. मी भिंतीकडेला उभा होतो. चालकाला मी दिसलो नाही. कमरेचे हाड मोडले, ते जुळले. आत लघवीची नळी तुटली होती. ती जुळली नाही. बेंबीखाली भोक पाडून तेथून रबराची नळी काढण्यात आली आणि तिला एक पिशवी लावली. पिशवी मांडीला बांधून, वर सैल पायजमा घालून, मी शाळेत जाऊ लागलो. आतून दुर्बीण घालून मार्ग मोकळा करण्याचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा तो बंदच राहिला. अशा स्थितीत चौदा महिने गेले. घरात पत्नीखेरीज कोणास ठाऊक नव्हते. दोन्ही मुलींना वडिलांची कंबर दुखते, एवढेच सांगितले होते.

नानांनी ते ओळखले. एके संध्याकाळी ओट्यावर बसले असता त्यांनी सरळ विचारले, "गुरुजी, मांडीला काय बांधलंय?"

चौदा महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ज्यांना संशय आला असेल त्यांनी नजर वळविली असेल. नानांची नजर पायजम्यावर स्थिर होती. मी सांगितले.

"माले देखू द्या," ते म्हणाले.

मी त्यांना आत नेऊन दाखविले. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, बंद पडलेल्या लूमकडे पाहावे तसे पाहिले. कणव नव्हती. किळस नव्हती. "पाणी वरून काढून घेतलं," ते स्वतःशी म्हणाले, "म्हणजे खालची नळी रिकामी पडली. आणि मधला तुकडा?"

"मधला तुकडा कडक होऊन बुजला आहे, असे डॉक्टर म्हणतात."

"मग ते दुर्बीण कशाला घालतात? बुजलेल्या गाठीत सुई घातली तर गाठ सुटते का? तो तुकडा काढून टाकायचा आणि चांगल्याला चांगलं सांधायचं."

पुढल्याच आठवड्यात सुरतेच्या डॉक्टरांनी मला तेच सांगितले. हे काम आमचे नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. गाडीने उत्तरेकडे काही तासांवरच्या एका गावात केवळ मूत्रमार्गाचे रुग्णालय होते. तेथे अशाच तुटलेल्या नळ्या जोडीत. त्यांनी चिठ्ठी दिली.

पत्नी येणार म्हणाली. मोठ्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी नको म्हटले. ते खरे कारण नव्हते. शिंदखेड्याच्या भावाला तर मी कळविलेच नाही. एकट्याने जाण्याचे ठरविले.

निघण्याच्या दिवशी सकाळी नाना वळकटी घेऊन दारात उभे होते.

"तुम्ही कशाला?" मी विचारले.

"तुमच्यासाठी नाही येत, गुरुजी. सांधा देखाले येस." आणि मग सावरून, शुद्ध भाषेत, "आजवर सगळे सांधे बघितले. माणसाचा नाही बघितला."

हे कारण मला चालण्यासारखे होते. सहानुभूती घेऊन कोणी आले असते तर मी परत पाठविले असते.

गाडीत मी खिडकीशी बसलो आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरले. समोरच्या व्यापाऱ्याने, "बीमार हो क्या, मास्तर?" असे विचारले. मी नाही म्हणण्याच्या आत नानांनी खिशातून दोरा काढला, मधोमध तोडला आणि माझ्या शरीराची रचना दोऱ्यावर समजावून सांगण्यास प्रारंभ केला. अर्धा डबा ऐकत होता. मी वर्तमानपत्रातील एकच ओळ अंकलेश्वरपासून भडोचपर्यंत वाचली. त्या वेळी नानांना गाडीतून उतरवून द्यावे, असे मला मनापासून वाटले.

व्यापाऱ्याने सर्व ऐकून घेतले. मग थोडा जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाला, "मेरे साढू को यही है. आठ साल से. घर से बाहर नहीं निकलता." त्याने चिठ्ठीवरचा पत्ता माझ्याकडून उतरवून घेतला. उतरताना त्याने नानांना नमस्कार केला. मला नाही.

रुग्णालयाच्या आवारात पाऊल टाकताच मला एक गोष्ट दिसली. तेथे सगळे पुरुष पिशवी हातात धरून हिंडत होते. कोणी राजस्थानचा, कोणी बिहारचा, कोणी आमच्याच जळगावचा. भाजीची पिशवी धरावी तशी ती धरून ते झाडाखाली गप्पा मारीत आणि एकमेकांच्या पिशवीतला रंग विचारीत. "आज साफ है." "कल थोडा लाल था." पिशवी लपविणारा मी एकटा होतो. दुसऱ्या दिवशी मीही ती पायजम्याबाहेर काढली.

नाना तेथे सुखात होते. त्यांनी दोन दिवसांत प्रत्येक रुग्णाची नळी कोठे तुटली आणि कशाने तुटली, याची चौकशी पूर्ण केली. ट्रॅक्टर, खाण, बैलगाडी, झाडावरून पडणे. कोणी त्यांना हाकलले नाही. उलट जळगावचा केळीवाला म्हणाला, "नाना, तुम्ही विचारलं तर बरं वाटतं बुवा. आमच्या घरचे विचारतच नाहीत. जेवला का, एवढंच विचारतात."

मुख्य शल्यचिकित्सकांनी मला तपासले तेव्हा नाना बोलाविल्याशिवाय आत आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. मधला कडक भाग कापून दोन्ही टोके जोडावयाची. पहिला सांधा उत्तम धरतो. तो सुटला तर दुसऱ्यांदा जोडणे फार अवघड, कधी कधी अशक्य. म्हणून पहिल्याच वेळी नीट झाले पाहिजे. मी ऐकून घेतले. होकार दिला नाही. नळी पोटातून असली तरी माणूस जगतो, शाळेत शिकवितो. हाती असलेले हे बरे, असे माझ्या मनात होते.

"साहेब, एक पूछू?" कोपऱ्यातून आवाज आला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

"पूछो, काका."

"काटोगे तो बीच में जगा पडेगी. टोक खींच के लाओगे तो ताण आयेगा. ताण का सांधा टिकता नहीं. ढील किधर से निकालोगे?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "काका, आप काम क्या करते हो?"

"लूम पे बीम सांधता."

त्यांनी बाहेरच्या दोन तरुण डॉक्टरांना आत बोलाविले. "इनका सवाल सुनो." नानांनी प्रश्न पुन्हा, तितक्याच गंभीरपणे विचारला. मग डॉक्टरांनी दुसरा कागद घेतला आणि ते माझ्याऐवजी नानांना समजावून सांगू लागले. खालची नळी आजूबाजूने सोडवून घेतात, तेथून ढील मिळते. ती कमी पडली तर वळणाचा मार्ग सरळ करून अंतर घटवितात.

"लंबा रस्ता छोटा कर दिया," नाना म्हणाले.

"बस. वही."

"टांके कितने?"

"आठ. कभी दस."

नाना हसले. "इतनेही? मेरे तो पाच हजार."

"आपके तार में से पानी नहीं जाता, काका."

नानांनी विचार केला. "हा," ते म्हणाले, "वो बात है." वादात त्यांनी माघार घेतलेली मी प्रथमच पाहिली.

बाहेर आल्यावर ते माझ्या पुढे चालत होते. वळून म्हणाले, "माणूस कारागीर आहे, गुरुजी. करून घ्या." मी त्याच दिवशी सही केली.

शस्त्रक्रिया पाच तास चालली, असे मला नंतर कळले. सांधा आत पाहता येणार नाही, हे नानांना आधीच सांगितले होते. तीन आठवड्यांनी नळीत औषध सोडून एक्स-रेचा फोटो काढतील, त्यात दिसेल. तोवर ते थांबणार होते. आता मला दोन नळ्या होत्या. जुनी पोटातली आणि नवी, नैसर्गिक मार्गातून आलेली. नवीच्या भोवती सांधा धरावयाचा होता. तिला धक्का लागू द्यावयाचा नाही, असे सिस्टरने आम्हा दोघांना बजावले. नानांनी खाटेजवळ येणाऱ्या प्रत्येकाला, झाडूवाल्यालासुद्धा, ते बजावले. "ताण नको. सांध्यावर ताण नको."

चौथ्या दिवशी दुपारी ते स्टुलावर बसून मला भाकड म्हशीची कुठलीशी हकीकत सांगत होते. बोलता बोलता त्यांनी खाटेवरून लोंबणारी नळी सरळ केली. तिला पीळ पडला होता, तो काढला. आणि मग, हकीकत चालू असतानाच, चार बोटांत धरून त्यांनी तिला हलका झटका दिला.

मी ओरडलो. प्रौढ वयात मी ओरडल्याचे मला दुसरे स्मरण नाही. पाहता पाहता नळीतले पाणी लाल झाले. सिस्टर धावत आली, मागून एक डॉक्टर आला. नाना भिंतीला टेकून उभे होते आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

डॉक्टरांनी तपासले. नळी आत फुग्याने अडकविलेली होती, म्हणून निघाली नाही. सांध्याला काय झाले, हे आज सांगता येणार नाही. फोटोच्या दिवशी कळेल.

डॉक्टर गेल्यावर नाना म्हणाले, "सवयीनं हात गया, गुरुजी."

"तुम्ही सुरतेला परत जा," मी म्हणालो.

त्यांनी वळकटी घेतली आणि ते गेले. क्षमा मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती.

त्यानंतरचे दिवस मी छताकडे पाहून काढले. नळीतला लाल रंग दोन दिवसांत ओसरला. त्यावरून काही सिद्ध होत नव्हते. सांधा सुटला असेल तर पोटातली नळी जन्मभराची, एवढेच निश्चित होते. मी मनाशी त्याची व्यवस्था लावली. पायजम्याऐवजी धोतर नेसावे. मैदानावरची प्रार्थना दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावी. मुलींना सांगावे.

दहाव्या का अकराव्या दिवशी वॉर्ड झाडणारी बाई म्हणाली, "तमारा काका रोज दरवाजे बेसे छे. पूछे छे, रंग केवो छे."

"कोण काका?"

"लूमवाळा."

नाना गेले नव्हते. धर्मशाळेत झोपत, दिवसभर रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चांभाराशेजारी बसत आणि आतून येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या पिशवीचा रंग विचारीत. केळीवाल्याने त्यांना आत येण्यास सांगितले होते. "माझे हात बाहेरच बरे," असे ते म्हणाले. केळीवाल्याने मला समजाविण्याचा प्रयत्न केला. "गुरुजी, म्हाताऱ्याला बोलवा हो. चूक झाली, पण जाणूनबुजून नाही केली." मी निरोप पाठविला नाही. खिडकीतून फाटक दिसत होते. मी खिडकीकडे गेलो नाही. त्या वेळी याचे कारण मला पुरेसे वाटत होते. आज लिहिताना ते सापडत नाही.

एकविसाव्या दिवशी मला फोटोच्या खोलीत नेले. नळीतून औषध सोडले. मोठे डॉक्टर स्वतः आले होते. पडद्यावर त्यांनी बोट फिरविले आणि एका ठिकाणी थांबविले. मला तेथे काहीच दिसले नाही.

"यही जोड है," ते म्हणाले. "दिखता नहीं ना? अच्छा जोड दिखता नहीं."

कोठेही गळती नव्हती. त्यांनी नळी काढली. पाणी पिऊन, वेळ झाली की स्नानगृहात जाण्यास सांगितले.

मी दार लावून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ काही झाले नाही. मग आवाज आला. तो आवाज मी सव्वा वर्षानंतर ऐकत होतो. त्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

डॉक्टरांनी फोटो मोठ्या पाकिटात घालून माझ्या हाती दिला. "ये उस बीमवाले काका को जरूर दिखाना. उनको देखना था ना?"

मी पाकीट आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाकडे गेलो. पाणी सतत पीत राहण्याची आज्ञा होती. नाना चांभाराच्या शेजारी उकिडवे बसले होते. चांभार चपलेचा अंगठा शिवीत होता. नाना त्याकडे पाहत नव्हते. गेल्या सतरा दिवसांत त्यांची दाढी वाढली होती आणि गाल आत गेले होते. मला पाहून ते उठले नाहीत. माझ्या हातात पिशवी नाही, एवढे त्यांनी पाहिले.

"थेंब की धार?" त्यांनी विचारले.

"धार."

"दुखस?"

"थोडेसे."

त्यांनी मान हलविली. मी पाकीट पुढे केले. "फोटो आहे. सांधा दिसतो. डॉक्टरांनी तुमच्यासाठी दिला."

त्यांनी पाकिटाकडे पाहिले आणि दोन्ही हात काखेत घालून बसले.

"नको, गुरुजी. देखं का हात जास."

"हा कागद आहे, नाना."

"हाताला काय ठाऊक."

इतक्या लांब ते ज्यासाठी आले होते, ते त्यांनी पाहिले नाही. पुढेही कधी मागितले नाही. तो फोटो माझ्या ट्रंकेत आहे.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली. झाकण उघडण्यास त्यांना जोर लावावा लागला. एका बाजूस तंबाखूचा भुगा झाला होता. दुसऱ्या बाजूचा चुना वाळून खडूसारखा कडक झाला होता आणि मधोमध तडकला होता. त्यांनी नखाने खरवडून पाहिले. निघेना. तेव्हा मला समजले की माझ्या शस्त्रक्रियेच्या सकाळपासून ती डबी उघडली गेली नव्हती.

मी त्यांच्या शेजारी बसलो. बसताना दुखले. तांब्या तिरका करून मी डबीतल्या चुन्यावर पाणी सोडले. पाणी जास्त पडू लागले.

"हळू," नाना म्हणाले. "इथं थेंबच लागतो, गुरुजी."